लागतंय का काही?

"लागतंय का काही?" हा प्रश्न आमच्या घरात २०२४ च्या मार्चपासून दिवसातून तीनदा तरी विचारला जायचा. विचारणारी स्वयंपाकघरात आणि ज्याला विचारायचा तो गॅलरीत, तुळस आणि कढीपत्त्याच्या मधल्या फटीत, एक हात रेडिओवर आणि दुसरा कपड्यांच्या तारेवर ठेवून उभा. उत्तरही ठरलेलं. "लागत होतं. तू बोललीस आणि गेलं."

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात. कुठला लावून घेऊ नये, हे मात्र कुणी सांगत नाही. मला शॉर्टवेव्हचा, म्हणजे दूरदेशीची केंद्रं पकडणारा, रेडिओ हवासा झाला. लहानपणच्या आठवणी इथे आवरत्या घेतो. बुधवारची रात्र, आठचा ठोका, सिलोनवर बिनाका गीतमाला, अमीन सयानींची ती 'बहनों और भाइयों'ची हाक आणि रेडिओच्या परवान्यासाठी पोस्टातली रांग, हे सगळं माझ्या वयाच्या प्रत्येकाने एकदा तरी लिहून काढलंय. एवढंच नोंदवतो, की १९५२ च्या सुमारास सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हुसकावून अख्ख्या देशाला सिलोनच्या दारात उभं करणारे मंत्री बा. वि. केसकर हे आपलेच, मराठी. शॉर्टवेव्हच्या प्रसाराला मराठी माणसाने लावलेला एवढा मोठा हातभार आपण विसरतो.

आधी तपकीर गल्ली गाठली. विजेवर चालणारी वस्तू तपकीर गल्लीत मिळाली नाही तर ती जगात बनतच नसणार, असं पुण्यात मानतात. तिसऱ्या दुकानदाराने एक लाल डबडं पुढे केलं. "बारा बँडचा आहे काका. पेनड्राइव्ह चालतो, ब्लूटूथ आहे, टॉर्च आहे, सोलर आहे."

"आणि रेडिओ?"

"तोपण आहे ना."

बारा बँड म्हणजे काय, ते तिथे उमगलं. एफएम आणि मीडियम वेव्ह वगळले तर उरलेले दहा म्हणजे एकाच शॉर्टवेव्हच्या केलेल्या फोडी. ३१ मीटरचा अख्खा पट्टा, म्हणजे साधारण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, चार बोटांच्या जागेत कोंबलेला. त्यात पाच-पाच किलोहर्ट्झवर एकेक केंद्र बसायचं, आणि काटा असा दणकट की त्याच्या पोटाखाली तीन देश सहज झोपतील. लागलेलं स्टेशन उद्या पुन्हा कसं शोधायचं? दुकानदार म्हणाला, "पेनने खूण करायची."

घरी येऊन वाचायला बसलो. दोन महिने वाचलं. दहावीला एवढं वाचलं असतं तर आज वेगळा लेख लिहीत असतो. आकडा दाखवणारा डिजिटल पडदा हवा, फ्रिक्वेन्सी थेट टाकायला अंकांची बटणं हवीत, बाहेरची तार जोडायला भोक हवं आणि एसएसबी नावाची सोय हवी. हे एसएसबी नसलं तर हॅम मंडळींचं, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांचं, बोलणं बदकांची सभा भरल्यासारखं ऐकू येतं. असलं तर बदकं माणसात येतात आणि तुमच्याकडे पाऊस आहे का, तुमचा आवाज कसा येतोय, एवढंच विचारतात. तरीही हवं. शिवाय चांगला रेडिओ संवेदनशील असावा आणि निवडकही असावा, असं तज्ज्ञ सांगत होते. लांबची क्षीण हाक त्याला ऐकू यावी आणि शेजारचा गोंगाट त्याने आत घेऊ नये. हे मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"माणसांत मिळतात का असले?" तिने विचारलं.

शेवटी न्यू जर्सीच्या भाच्याला सांगितलं. तो मार्चमध्ये लग्नाला यायचा होता. त्याने तळहातापेक्षा थोडा मोठा, चिनी बनावटीचा एक रेडिओ आणला. जुन्या नोकियात असायची तीच बीएल-५सी बॅटरी त्याला लागते, हे पाहून माझा जीव भांड्यात पडला, कारण तसल्या चार बॅटऱ्या 'लागतील कधीतरी' म्हणून मी ड्रॉवरमध्ये जपल्या होत्या. (चारही फुगलेल्या निघाल्या.) भाच्याला दिलेली किंमत आणि हिला सांगितलेली किंमत यांत थोडी तफावत आहे, ती हा लेख ही वाचणार असल्यामुळे इथेही देत नाही.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ही सगळी स्टेशनं ॲपवर आहेत. क्लिअर ऐकू येतात."

"ॲपवर येणारच. त्यात काय मोठं?"

त्याला ते पटलं नाही. त्या पिढीला न येणाऱ्या गोष्टीची गोडी नाही.

पहिला अपशकुन आकाशवाणी पुण्यानेच केला. ७९२ किलोहर्ट्झ, घरापासून काही किलोमीटरवर प्रक्षेपक, आणि तेही धड लागेना. ७९० वर घोगरं, ८०० वर गायब. सात पाचच्या प्रादेशिक बातम्या घशात सुपारी अडकल्यासारख्या. आठवडाभर मी आकाशवाणीला बोल लावले. मग कळलं, की अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने बसवतात आणि आपल्याकडे नऊ-नऊच्या. भाच्याने रेडिओ तिकडे तपासून आणला होता, त्यामुळे तो अमेरिकन ढांगा टाकत होता. एक बटण दाबून धरलं, पठ्ठ्या नऊची पावलं टाकू लागला, आणि ७९२ असं लागलं की निवेदिका जणू आमच्याच ओट्यापाशी उभी. दुसरी गोष्ट अशी, की ती चकचकीत एरियल मीडियम वेव्हला काही उपयोगाची नाही. त्यासाठी आत एक कांडी असते आणि अख्खा रेडिओच फिरवावा लागतो. आठवडाभर मी एरियल फिरवत होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शॉर्टवेव्ह लावली तेव्हा मात्र सगळ्या पट्ट्यांवर एकच कार्यक्रम चालू होता: खरखर. ४९ मीटरवर जाड, १९ मीटरवर बारीक. रेडिओ बिघडलेला नाही, घर बिघडलेलं आहे, असं तज्ज्ञांचं मत पडलं. एकेक उपकरण बंद करून पाहा म्हणाले. मी वही घेऊन बसलो. हॉलमधले एलईडी दिवे: भुणभुण. मोबाइलचा चार्जर: दर बोटभर अंतरावर टुकटुक. पंख्याचा नवा रेग्युलेटर: डास. इन्व्हर्टर: गिरणी. वायफायचा डबा, सेट टॉप बॉक्स, पाण्याचं फिल्टर, सगळ्यांना आपापला आवाज होता आणि इतकी वर्षं ते बिचारे ऐकून घेणाऱ्याची वाट पाहत होते. शेवटी मेन स्विच खाली ओढला. घर काळोखात बुडालं आणि त्या काळोखात एक पुरुषी आवाज अगदी शांतपणे, अनोळखी भाषेत, बातम्या दिल्यासारखं बोलू लागला. माझ्या अंगावर काटा आला.

त्याच क्षणी हिच्या मालिकेत सासूबाई मृत्युपत्र उघडत होत्या.

मेन स्विचचा मार्ग त्या दिवसापासून बंद झाला. मी गॅलरीत आलो. वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी आणि 'मध्य आशिया??' अशी नोंद केली. पंचवीस मिनिटं तो गृहस्थ बोलला. मी एका हातात रेडिओ आणि डोळ्यांसमोर हिंदुकुश धरून उभा. तो थांबला, क्षणभर शांतता, आणि मग व्हायोलिन-तंबोऱ्यावरची ती धून. शिवरंजनीतली, वॉल्टर कॉफमनने बांधलेली, लहानपणापासून रोज सकाळी दूध तापताना ऐकलेली. आकाशवाणी! आपल्याच सरकारची परदेशी भाषांतली सेवा. हिंदुकुश ओलांडून मी दिल्लीला पोचलो होतो.

"लागलं का काही?" आतून आवाज आला.

"लागलं. आपलंच आहे."

त्यात वेळापत्रकाचा घोळ. शॉर्टवेव्हचं जग यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळावर, चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तो 'साडे' फार छळतो. १५३० म्हणजे रात्रीचे नऊ, ही बेरीज दिवसा जमते. पहाटे दोनला उठून 'आता तिकडे काल आहे की आज' हे ठरवताना मी एकदा कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांनी हजर झालो. बरं, एकदा पाठ केलं की झालं, असंही नाही. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जगातली बरीच केंद्रं आपापल्या फ्रिक्वेन्सी बदलतात. माझी वही पूर्ण झाली ती नेमकी मार्चच्या शेवटच्या शनिवारी.

तारेचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते सोसायटीत अजून चालू आहे. रेडिओच्या एरियलला सात-आठ मीटर तार चिमट्याने जोडली तर बराच फरक पडतो. मी ती गॅलरीपासून समोरच्या अशोकाच्या झाडापर्यंत नेली. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं, दुसऱ्या दिवशी चेअरमनने. "कुणाशी बोलता यावरून?" बोलत नाही, नुसतं ऐकतो, हे सांगितल्यावर त्यांचा संशय वाढला. नुसतं ऐकून घेणारा सभासद त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तारेवर गोधडी वाळत घातली आणि तार, गोधडी आणि अशोकाची एक फांदी अशी तिघंही त्यांच्याच स्कूटरवर आली. 'सामायिक जागेत अनधिकृत तारा' असा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे.

आता अक्षय तृतीया. १० मे २०२४, शुक्रवार. साडेतीन मुहूर्तांतला एक. साडूभाऊ सहकुटुंब आमरसाला आले होते आणि येताना दहा ग्रॅमचं सोन्याचं नाणं दाखवायला घेऊन आले होते. नाणं सगळ्यांच्या हातातून फिरलं. मग ही म्हणाली, "आमच्याकडे रेडिओ घेतलाय." कुठल्या सुरात म्हणाली ते सांगत नाही. मी उठलो. भर दुपारीसुद्धा चीनची केंद्रं ठणठणीत येतात, तेव्हा प्रात्यक्षिकाला भीती नव्हती. पुऱ्या तळून होईपर्यंत चिनी बाई इंग्रजीत छान बोलत होती. साडूभाऊ "वा, वा" म्हणाले. घड्याळात बारा पंचवीसच्या आसपास झाले असतील. बाई बारीक होत गेली. मग विहिरीत उतरल्यासारखी झाली. मग नाहीच. मी १९ मीटर पाहिला, १६ पाहिला, २५ पाहिला. कुठेही काही नाही. इतके दिवस जिला शिव्या दिल्या ती खरखरसुद्धा निम्मी झालेली. साडूभाऊ एरियलला हात लावून म्हणाले, "सोन्याला असं होत नाही."

एफएम लागत होतं, ७९२ लागत होतं. म्हणजे शॉर्टवेव्हचा भाग उडाला, असं निदान करून रसाची दुसरी वाटीही न घेता मी रेडिओ गुंडाळला, आणि उन्हं उतरल्यावर पुन्हा तपकीर गल्ली. तिथे एका बोळकांडीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एरियल रस्त्यावर काढली, बटण दाबलं. एलईडीच्या हजार माळांच्या भुणभुणीतून ती चिनी बाई खणखणीत बोलू लागली, जणू दुपारी जेवायला गेली होती. काकांनी रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. 'याला'वर जरा जोर होता.

खुलासा नंतर झाला. शॉर्टवेव्ह आपल्यापर्यंत येते ती आकाशातल्या विद्युतभारित थराला धडकून, कॅरमच्या रिबाउंडसारखी. त्या दुपारी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता. त्यातले क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचले आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला त्यांनी वातावरणाचा खालचा थर असा काही भारून टाकला, की शॉर्टवेव्ह वर जातानाच त्यात जिरू लागली. त्या आठवड्यात सूर्य असाच भडकलेला होता. रात्री मोठं सौरवादळ येऊन थडकलं आणि लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा उजेड दिसला. त्याचा फोटो मी हिच्यापुढे धरला.

"बघ! रेडिओ नव्हता बिघडला. सूर्य बिघडला होता."

तिने फोटो नीट पाहिला. "पंधरा कोटी किलोमीटरवरून त्यालाही कळलं," ती म्हणाली, "मुहूर्तावर तुम्ही काय घेऊन बसलात ते."

जूनमध्ये पाऊस आला. अशोकाची तार गेलेली, कपड्यांच्या तारेवर ओले कपडे, गॅलरीत उभं राहायला जागा नाही. एका पहाटे झोप मोडली म्हणून रेडिओ काढला आणि ३१ मीटरवर काहीतरी फार लांबचं, एखाद्या बाईचं गाणं, लाटेसारखं वर-खाली होत होतं. एवढ्यात ही दूध घ्यायला उठली आणि जाता जाता एरियल वाटेत येते म्हणून तिने ती बोटांनी बाजूला धरली. गाणं एकदम उजळलं. माणसाचं अंग लागलं की एरियल लांब झाल्यासारखी होते, हे मी वाचलं होतं. माझं अंग लावून काही फारसं होत नव्हतं.

"सोडू नकोस!" मी ओरडलो.

ती तशीच उभी राहिली. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात एरियल. गाणं संपलं, मग तीच बाई बोलू लागली.

"किती वेळ धरायचं?"

"हे संपेपर्यंत."

"कळतंय का काही, काय म्हणतेय ती?"

"एक अक्षर नाही. पण किती स्वच्छ येतंय बघ."

तिने पिशवी खाली ठेवली आणि दुसराही हात लावला.