क्रिस चोळांनी नेली म्हणे! आधी तो भाता बघा

घरच्या ग्रुपवर फिरणारा तो 'अभिमान बाळगा' छापाचा मेसेज एरवी सोडूनच दिला असता. पण भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला, तेव्हा राहवेना. मेसेज म्हणतो: मलय आणि मोरो (दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम) तलवारी म्हणजे सगळ्या क्रिस, नागमोडी पात्यासाठी ओळखलं जाणारं आग्नेय आशियातलं शस्त्र; ती चोळांनी इथून नेली; प्रत्येक पातं उल्केच्या लोखंडाचं आणि विषात बुडवलेलं; फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटाचा सरदार लापू-लापू याने दर्यावर्दी मॅगेलनला मारलं तेही तिनेच.

खरा घोळ चोळांचा आहे. राजेंद्र चोळाची श्रीविजय या सागरी राज्यावरची स्वारी १०२५ची, सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाकडची. क्रिस घडली जावात. ज्या जुन्या क्रिसचा दाखला नेहमी देतात तिच्यावर शके १२६४ कोरलंय, म्हणजे इ. स. १३४२. तोवर चोळांचं राज्यच बुडालं होतं.

बरं, शक आपला, देवही आपले, तेवढं मान्य. मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर सुकुह हे पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात लोहारशाळा कोरलीय: भीम पातं घडवतोय, मध्ये गणपती नाचतोय, अर्जुन भाता चालवतोय. मेसेजवाले हाच फोटो 'पुरावा' म्हणून मिरवतात! अहो, त्या अर्जुनाच्या हाताखाली काय आहे ते तरी बघा. आपल्या लोहाराचा कातडी भाता नाही तो. दोन उभ्या नळ्या आणि त्यांत वरखाली होणारे दट्टे, हा आग्नेय आशियाचा भाता. पात्रं महाभारतातली, पण भट्टी आणि हात जावाच्या लोहाराचे. त्याचं श्रेय चोळांच्या खात्यात कशाला?

उल्केचं म्हणाल, तर जावातल्या प्रांबाननच्या उल्केचं लोखंड तिथल्याच सुराकार्ताच्या राजवाड्यात वापरलं गेलं, हे खरं. त्यावरून 'प्रत्येक पातं' कसं होतं? विषाचंही तसंच. पात्यावरची पामोर नावाची नक्षी उठून दिसावी म्हणून लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक) लावतात. सोमल विषारीच, पण लावतात तो नक्षीसाठी.

आणि सगळ्या क्रिस? जावाची क्रिस भोसकायची कट्यार. मोरोंची क्रिस तिचीच नातलग, पण रुंद, दुधारी, घाव घालायची तलवार. पातं नागमोडी असतं तसं सरळही. कॅम्पिलान ही वेगळीच तलवार: लांब, एकधारी, टोकाकडे रुंद होत जाणारी, मुठीचं टोक आ वासलेल्या जबड्यासारखं. फिलिपिन्समधल्या सुलू बेटांवरच्या तौसुग लोकांचं बारोंग पानाच्या आकाराचं, तेही एकधारी. मेसेजमध्ये 'क्रिस' म्हणून टाकलेला दुसरा फोटो नेमका बारोंगचा आहे.

राहता राहिला मॅगेलन. २७ एप्रिल १५२१च्या त्या लढाईत त्याच्या सफरीचा वृत्तान्त लिहिणारा पिगाफेट्टा स्वतः हजर होता. तो लिहितो, दंडाला भाल्याची जखम झाल्याने मॅगेलनला तलवार अर्धीच उपसता आली. मग एकाने मोठ्या तलवारीने त्याच्या डाव्या पायावर वार केला, तो पालथा पडला आणि सगळे भाले-तलवारी घेऊन तुटून पडले. वार करणारा लापू-लापू होता असं पिगाफेट्टा कुठेही म्हणत नाही, आणि त्या तलवारीला क्रिसही म्हणत नाही.