भिंतीवरचा तो पट्टा

भुताच्या गोष्टीवर बोलणं निघालं की प्रश्न ठरलेला. 'मग भूत खरंच होतं, की तिला भास होत होते?' अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'द यलो वॉलपेपर' या कथेबद्दल कुणी हे विचारलं की मला मनापासून वाईट वाटतं. कथेतल्या बाईचं ऐकून घ्यायचं पुन्हा राहूनच गेलं, असं वाटतं.

कथा १८९२ सालची. बाळंतपणानंतर खचलेली बाई, डॉक्टर नवरा, उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतलेलं जुनं घर. माडीवरच्या खोलीच्या खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, भिंतींना कळकट पिवळा कागद. तिने लिहायचं नाही, म्हणून ती चोरून लिहिते. नवरा दुष्ट नाही. लाडाने बोलतो आणि तिचं प्रत्येक म्हणणं हसण्यावारी नेतो. मग कागदाच्या नक्षीआड एक बाई दिसायला लागते, रात्री ती नक्षी गजांसारखी धरून गदागदा हलवणारी. 'मी कोंडले गेलेय' हे स्वतःबद्दल म्हणणं तिला जमत नाही. कागदातल्या बाईबद्दल मात्र ती बिनधास्त लिहिते. ते भूत तिला हवंच होतं, नाहीतर बोलली कशी असती?

गिलमनने हे भोगलं होतं. १८८५ मध्ये मुलगी झाली, त्यानंतर मन पार ढासळलं. १८८७ मध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरांनी सांगितलं, घरसंसारात राहा, डोक्याचं काम दिवसाला दोनच तास, आणि पेन, ब्रश, पेन्सिल जन्मात हातात धरू नको. तीन महिने तिने ते पाळलं आणि वेडाच्या काठावर पोहोचली. कथेत नवरा 'लवकर बरी झाली नाहीस तर मिचेलकडे पाठवीन' म्हणतो, ते याच डॉक्टरांचं खरं नाव!

माझ्या बाळंतपणानंतर 'आराम कर, विचार करू नकोस' हे मीही रोज ऐकलंय, तेही माझ्यावर माया करणाऱ्यांकडून. म्हणून एक तपशील मला सोडत नाही. भिंतीच्या तळाशी, खोलीभर फिरलेला घासल्याचा लांब पट्टा. हा कुणी केला, का केला, तिला कोडं पडतं. शेवटी कागद ओरबाडून ती स्वतःच रांगायला लागते, तेव्हा तिचा खांदा त्या पट्ट्यात नेमका बसतो.

दार उघडून नवरा आत येतो आणि भोवळ येऊन भिंतीलगत, तिच्या वाटेतच आडवा पडतो. आता दर फेरीला तिला त्याच्यावरून रांगत जावं लागतं.