शाहू स्टेडियम भरतं, म्हणून आयएसएल भरेल?

गेले काही दिवस एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. वर शाहू स्टेडियमच्या खचाखच भरलेल्या गॅलरीचा फोटो, खाली अंधेरीच्या मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या. मजकूर थोडक्यात असा: मुंबई सिटीनं दोनदा आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल लीग) चषक उचलला तरी तिला सात हजारांच्या आसपासचं मैदान भरता येत नाही, पुण्याची टीम तर बंदच पडली. कारणं काय, तर तिकडच्या लोकांना फुटबॉलचा नाद नाही, तिकीट महाग आहे, खेळाला दर्जा नाही म्हणून सगळे रात्री इंग्लंडची प्रीमियर लीग बघत बसतात, आणि टीममध्ये आपला पोरगा नाही. तेव्हा कोल्हापूरला एक टीम द्या, पहिल्या मॅचपासून हाऊसफुल्ल. शेवटी नेहमीचं, ‘खरा कोल्हापूरकर असशील तर पुढे पाठव’.

मी कोल्हापूरकर आहे, गॅलरीत बसून घसा बसवून घेणारा आहे, आणि मी तो पुढे पाठवलेला नाही. त्यातल्या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचं आपणच आपल्या पाठीवर मारलेली थाप.

आधी नादाचं बघू. पुण्यात २००७ साली पुणे एफसी सुरू झाली. तेव्हा देशातली सगळ्यात वरची लीग असलेल्या आय-लीगमध्ये ती २०१२-१३ ला दुसरी आली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत गुंडाळली गेली. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळली. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून बाहेर पडली. एफसी पुणे सिटी २०१४ ला आली, पहिल्या वर्षी फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू त्रेझेगे आणला, हृतिक रोशन मालकांत होता, आणि २०१९ ला तीही संपली. म्हणजे साधारण बारा वर्षांत एका शहराच्या चार टीम गेल्या. पुण्याच्या एखाद्या पोरानं शाळेत असताना टीम धरली असेल, तर नोकरीला लागेपर्यंत त्याची टीम किती वेळा बुडाली ते मोजा. असल्या माणसाला ‘तुला नाद नाही’ म्हणायला जीभ कशी रेटते?

पुणे सिटीच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आली. तिनं २०२१-२२ चा चषक जिंकला. २०२५ मध्ये तीच टीम नाव बदलून दिल्लीला गेली. मालकाला परवडेना की टीम गाव बदलते. मुंबई सिटी गावात राहिली, पण मालक बदलला: २०१९ मध्ये तिचा ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला. धंद्याच्या हिशेबानं त्यात वावगं काही नाही. पण पाटाकडील तालमीचा (आपल्याकडं तालीम म्हणजे पेठेचा आखाडा आणि त्याची फुटबॉल टीमही) ६५ टक्के हिस्सा कुणी विकत घेतला, अशी बातमी मंगळवार पेठेत सांगून बघा. लोक आधी हसतील आणि मग तुम्हाला शोधायला निघतील. तालीम कुणाच्या मालकीची नसते, ती पेठेची असते. आपल्या गॅलरीचा पाया हा आहे, आणि फ्रँचायझी नावाच्या प्रकारात नेमका तोच नसतो.

मुंबईला नाद नाही म्हणणाऱ्यांनी जून २०१८ आठवावा. अंधेरीच्या त्याच मैदानावर भारत चायनीज तैपेईशी खेळला. कॅप्टन सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, भारत ५-० नं जिंकला, आणि बघायला होते अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध तेच मैदान हाऊसफुल्ल झालं. शहर तेच, टीम तीच, आणि मध्ये जेमतेम तीन दिवस. तेवढ्यात मुंबईकरांच्या अंगात नाद भरला की काय? त्यांना यायला एक कारण मिळालं, एवढंच. शिवाय ती छेत्रीची शंभरावी मॅच होती. अडचण अशी की कुठल्याही कॅप्टनला दर आठवड्याला असा व्हिडिओ टाकता येत नाही.

तिकिटाचा मुद्दा मी फार लांबवत नाही. आयपीएलला वानखेडेवर याच्या कितीतरी पट पैसे मोजून लोक रांगा लावतात. आयएसएलचं तिकीट बहुतेक ठिकाणी मल्टिप्लेक्सच्या सिनेमाइतकं असतं. महाग पडतो तो वेळ. मॅच साडेसातला, तीही कधी बुधवारी नाहीतर गुरुवारी, कारण वेळ टीव्हीच्या सोयीनं ठरते. हडपसरच्या माणसानं ऑफिस सुटल्यावर अख्खं पुणे ओलांडून बालेवाडीला जायचं, साडेनऊला बाहेर पडायचं आणि घरी कधी पोचायचं? सोबत पोरं असतील तर दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली. मुंबई सिटी पहिली दोन वर्षं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली. नाव मुंबईचं, मैदान खाडीपलीकडं. बोरिवलीच्या माणसाला ते घरचं मैदान कसं वाटावं?

उलट आपल्याकडं बघा. मॅच दुपारी दोनला आणि चारला. आठवड्याचा कुठलाही वार चालतो. दुकानाचं शटर अर्धं ओढून, गाडीला किक मारून माणूस दहा मिनिटांत शाहू स्टेडियमला. शिवाजी पेठेतून, मंगळवार पेठेतून पोरं चालत येतात. मॅच संपली की मिरजकर तिकटीला चहा पिताना रेफरीचं श्राद्ध घालून अंधार पडायच्या आत घरी. आपण आपल्या वेडाचं जेवढं कौतुक करतो, त्यातलं निम्मं श्रेय गाव लहान असण्याला आहे.

बालेवाडीत मी पुणे सिटीची मॅच बघितली आहे. ते मैदान मुळात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा आठ पदरी ट्रॅक. कॉर्नर घेणारा खेळाडू इतका लांब की त्याच्या पाठीवरचा नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागतात. लाइनमननं चुकीचा ऑफसाइड दिला तर आपण ओरडतो, आणि आपला आवाज त्या लाल ट्रॅकवरच कुठंतरी पडून राहतो. शाहू स्टेडियमवर विंगरचा पास चुकला की पहिल्या पायरीवरचा म्हातारा त्याच्या बापाचं नाव घेऊन विचारतो, ‘सकाळी जेवलास का नाही रं?’ आणि विंगर खरंच मान वळवून बघतो. हे तिकिटात मिळत नाही.

आता दर्जा. हा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्यावरच उलटतो. प्रामाणिकपणे सांगा, आपल्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा खेळ आयएसएलपेक्षा वरचा आहे का? आपली पोरं जिगरबाज आहेत, एखादा परदेशी खेळाडू एकट्यानं मॅच फिरवतो, सगळं मान्य. पण पासिंग, फिटनेस, डावपेच यांत मुंबई सिटी आपल्या कुठल्याही टीमला नव्वद मिनिटं चेंडू दिसू देणार नाही. तरीही गॅलरी आपली भरते. म्हणजे गर्दीचा आणि दर्जाचा संबंध मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही. प्रीमियर लीग तर आपणही रात्र जागून बघतो. २०२२ च्या वर्ल्ड कपला चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे फलक होते, अर्जेंटिना जिंकल्यावर गल्ल्या दणाणल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ सोडलं नाही.

लोक दर्जासाठी येतात ते क्वचित, आणि तेव्हाही समोर कोण आहे ते बघून. २०२३ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीनं ‘घरची’ पहिली मॅच पुण्यात बालेवाडीला खेळली, इराणच्या नस्साजीशी. नोव्हेंबरमध्ये सौदीची अल हिलाल येणार म्हटल्यावर मॅच नेरूळच्या मोठ्या स्टेडियमवर न्यावी लागली. ज्याच्यासाठी निम्मे लोक येणार होते तो अल हिलालचा नेमार ऑक्टोबरात गुडघा मोडून घेऊन बसला होता, तरी लोक लोटले. मुंबई ०-२ नं हरली. पुढच्या साध्या लीग मॅचला ते लोक कुठं होते?

गर्दीची खरी चावी इथं आहे: समोर कोण? आपल्याकडं शिवाजी आणि पाटाकडील यांची लढत कुणी जाहिरात करून उभी केलेली नाही. दोन पेठांची ईर्ष्या आहे, ती कुस्तीत होती, गणपतीच्या मिरवणुकीत आहे, तशी फुटबॉलमध्ये आहे. हरलं की दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी तोंड लपवावं लागतं, कारण शेजारच्या टेबलावर समोरच्या पेठेचा माणूस बसलेला असतो. कोलकात्यात १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल बघायला सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजारांहून जास्त लोक होते, तेही ह्याच कारणानं. मुंबई सिटीनं हरून अंधेरीत कुणाला तोंड लपवायचंय? जमशेदपूरचा माणूस शेजारी राहतच नाही. केरळा ब्लास्टर्स आली की अंधेरीची गॅलरी पिवळी होते, पण ती मुंबईतल्या मल्याळी पोरांनी, पाहुण्यांसाठी.

आपला पोरगा टीममध्ये नाही, हा मुद्दा मात्र मी मान्य करतो. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापुरात टीव्हीपुढं झालेली गर्दी कुणी विसरलेलं नाही. पण त्यानंतर तो जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा टीमांतून खेळला. आपण त्याच्या गोलाचे व्हिडिओ फिरवले. त्याच्यामुळं कोल्हापुरात किती जण हैदराबादचे समर्थक झाले? माझ्या ओळखीत एकही नाही. पोरगा आपला हवा हे खरं, पण तो आपल्या नावाच्या टीममध्ये आणि आपल्या डोळ्यासमोर हवा.

राहिला मेसेजचा शेवटचा दावा: कोल्हापूरला टीम द्या, प्रत्येक मॅच हाऊसफुल्ल. मुळात आज तरी प्रत्येक मॅच हाऊसफुल्ल असते का? फोटो कायम मोठ्या लढतीचाच असतो. तळाच्या दोन टीमांची दुपारी दोनची मॅच असते तेव्हा गॅलरीत कोण असतं? दोन्हीकडचे राखीव खेळाडू, त्यांचे मित्र, चारची मॅच बघायला लवकर येऊन जागा धरलेली मंडळी, आणि सावलीला बसलेले काही निवृत्त लोक. तेही कोल्हापूरच आहे. हा नुसता फुटबॉलचा नाद असता, तर दोनची मॅचही भरली असती.

आयएसएलच्या २०२४-२५ च्या हंगामात तेरा टीम होत्या, प्रत्येकीच्या वाट्याला घरच्या बारा मॅच. पहिली भरेल. मोहन बागान आली तर भरेल, केरळा आली तर भरेल. पंजाब एफसी गुरुवारी रात्री साडेसातला येईल तेव्हा? आणि त्या एकाच ‘कोल्हापूर’ टीमच्या मागं शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ एका गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसणार आहेत म्हणे. कॅप्टन कुठल्या तालमीचा, ह्यावरच हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन गट पडतील. तिसऱ्या मॅचला बाकावर बसवलेल्या पोराची अख्खी पेठ घरी बसेल.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. व्यावसायिक क्लबला मैदान भरायचं तर निम्मी गॅलरी घरच्या मंडळींनी भरावी लागते, आईबाप, बहिणी, लहान पोरं. आपल्याकडं हुल्लडबाजीमुळं मॅच थांबल्या आहेत, बंदोबस्ताशिवाय मोठी लढत होत नाही. मोठ्या मॅचला बायकापोरांना घेऊन जाणारे माझ्या ओळखीत हातावर मोजण्याइतके आहेत. ती रग मला आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिच्यावर वर्षभराचे सीझन पास विकले जात नाहीत.

पासचं म्हणाल तर विकायला आधी वेळापत्रक लागतं. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता, पुढचं ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्ये लीगच स्थगित केली गेली. खेळाडूंचे करार झालेले, आणि मॅच कधी हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. अशा लीगमध्ये घरच्या गॅलरीतल्या रिकाम्या खुर्च्यांचा दोष खुर्चीवर न बसलेल्या माणसाला द्यायचा?

कुणाला खरोखरच कोल्हापुरातून राष्ट्रीय पातळीवर टीम न्यायची असेल, तर वरून फ्रँचायझी मागण्यापेक्षा खालून चढावं. इथली जिंकणारी तालीम स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पोरांसह, राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय लीगच्या खालच्या पायरीवर, आय-लीग ३ ला, धाडावी. घरच्या मॅच शाहू स्टेडियमवर, दुपारी चारला. समोरच्या पेठेचे लोक ती हरावी म्हणून का होईना, तिकीट काढून येतील.