डॉक्टरकी सोडली कुठे होती त्यांनी?

आज २३ जुलै, आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचा स्मृतिदिन. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा गणवेशातला फोटो टाकला. चहा होईपर्यंत बिल्डिंगमधल्याच एका डॉक्टरांचं उत्तर हजर: ‘डॉक्टरकी सोडून बंदूक घेतली, यात कौतुक कसलं? डॉक्टरांनी राजकारणापासून लांबच राहावं.’ खाली अंगठ्यांची रांग. दिवसभर डोकं तापलंय माझं.

अहो, सोडली कधी? १९३८ साली मद्रासला एमबीबीएस झाल्या, मग प्रसूतिशास्त्राचा डिप्लोमा. १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या आणि दवाखाना काढला तो मजुरीसाठी आलेल्या गरीब भारतीयांसाठी. १९४२ मध्ये इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलं, तेव्हा त्या जखमी युद्धकैद्यांवर उपचार करत होत्या. नेताजी आले ते जुलै १९४३ मध्ये. म्हणजे सेनेची बायकांची तुकडी, राणी झांशी रेजिमेंट, उभी करण्याआधी तीन वर्षं ही बाई मजुरांच्या नाड्या तपासत होती. त्या माणसांना कशानं आजारी पाडलंय, हे तिला कळायचं राहिलं असेल का?

माझी आत्या पेठ तालुक्यात नर्स होती. एका पोटुशीला तिने सांगितलं, रक्त कमी आहे, डाळ खा, गूळ-शेंगदाणे खा. ती बाई हसली. म्हणाली, ‘मुकादमानं पैसं दिलं का खाईन.’ आत्याने तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी मुकादमाच्या दारात जाऊन उभी राहिली. वरिष्ठांनी झापलं, तुमचं काम सुया टोचायचं, नसत्या भानगडीत पडू नका. आत्या सांगायची, ‘गोळी मी दिली, पण औषध मुकादमाकडे होतं ना!’

त्या रेजिमेंटमध्ये कोण होत्या माहितेय? मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मुलीसुद्धा. कितीतरी जणींनी भारत डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. त्या मुली भरती झाल्या त्या एका डॉक्टरणीच्या शब्दावर, आणि तुम्ही म्हणता कौतुक कसलं!

हो, आझाद हिंद सेनेने जपान्यांची मदत घेतली होती. त्याच जपान्यांनी सिंगापुरात चिनी लोकांची कत्तल केली होती. मान्य. हा डाग आहेच, आणि त्यावर माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही.

पण मुकादमाच्या दारात जाणारीला ‘सुया टोच’ म्हणणारे तेव्हाही होते, आजही नाशिकच्या गंगापूर रोडवर एसी लावून बसलेत. (सगळे नाहीत. सुरगाण्याच्या पाड्यांवर स्वतःच्या पैशाने जाणारेही ओळखीत आहेत. ते ग्रुपवर बोलत नाहीत, एवढंच.)

आता जरा शांत झालेय. त्या डॉक्टरांनी रात्री-अपरात्री माझ्या सासूबाईंना तपासलंय, फी न घेता. माणूस वाईट नाही. त्यांना बाईंचं पुढचं आयुष्य ठाऊक नसावं, इतकंच. ब्रह्मदेशात पकडल्या गेल्या, १९४६ मध्ये इंग्रजांनी भारतात आणलं. १९४७ मध्ये प्रेम सहगलांशी लग्न झालं आणि कानपुरात पुन्हा दवाखाना. फाळणीचे निर्वासित तपासले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्यांच्या छावण्यांत काम केलं. १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर वैद्यकीय पथक घेऊन गेल्या. शीखविरोधी दंगलीनंतर कानपुरात शांततेसाठी धडपडल्या. २००२ मध्ये कलामांविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. हरणार हे कळत असूनही! (त्यांचा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मला पटतो असं नाही, पण हिंमत पाहा.) नव्वदी ओलांडल्यावरही पेशंट तपासत होत्या. २०१२ मध्ये, ९७व्या वर्षी गेल्या.

आत्या असती तर तिने ग्रुपवर सरळ फोन लावून झापलं असतं. मी आपली इथे लिहितेय.

तर डॉक्टरसाहेब, तुम्हाला टॅग करतेय. निर्वासितांना तपासणं डॉक्टरकी, आणि ते निर्वासित का झाले हे विचारणं राजकारण, अशी रेघ तुम्ही नक्की कुठे मारता ते कमेंटमध्ये सांगा. माझं जेवण व्हायचंय अजून, उत्तर उद्या देईन.