आग रामेश्वरी, पंप सोमेश्वरी

"इलेक्ट्रिक पंप टाक, दोन वायरी जोड, तासाभराचं काम." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा कुणाच्या तरी कानात घातलं, त्याला जॅकवर चढवलेल्या जुन्या शेव्हीखाली, म्हणजे शेव्हरोलेच्या गाडीखाली, उताणं झोपवून वर टाकीची नळी सोडावी. पेट्रोल एकदा कोपरातून काखेपर्यंत ओघळलं की तासाभराचं काम म्हणजे काय ते कळतं. साठ-सत्तरच्या दशकातली कॅमारो, नोव्हा नाहीतर शेव्हेल, पुढे ३५० क्यूबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन, वर चार बॅरलचा कार्ब्युरेटर. इंजिनाने फिरणारा मूळ मेकॅनिकल पंप काढून टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरला पोचवायला विजेचा पंप लावायचा, या नावाखाली या गाड्यांवर जे काही चालतं ते बघून डोकं भणभणतं.

पहिली चीड याची, की पंप बदलायचं ठरतं कशावरून? गाडी हायवेवर दम खाते, झालं निदान! अरे, आधी दाब मोजा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी टी लावून गेज बसवायला किती वेळ लागतो? मग नळी बाटलीत सोडून गाडी आयडलवर ठेवा, ती कार्बच्या वाटीतल्या पेट्रोलवर तेवढा वेळ चालते. धडधाकट मेकॅनिकल पंप तीस सेकंदांत साधारण एक पाइंट, म्हणजे जवळपास पाऊण बाटली बिअर, बाहेर टाकतो. तेवढं येत नसेल तरी लगेच पंपाला फाशी देऊ नका. टाकीतल्या पिकअपची, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या नळीची, जाळी गंजाच्या चिखलाने बुजलेली असते. टाकी आणि मेटल लाइनच्या मधला वीतभर रबराचा तुकडा तडकलेला असतो. त्यातून पेट्रोल ठिबकत नाही, पण हवा खेचली जाते. कुणीतरी व्हेंटचं झाकण बदलून बंद झाकण बसवलेलं असतं, टाकीत निर्वात होतो आणि गाडी मरते. झाकण सैल करून बघा, फुस्स आवाज येऊन गाडी सुधारली तर सापडला चोर. या तिन्ही रोगांवर इलेक्ट्रिक पंप लावला तर तोही तितकाच उपाशी राहतो, वर कोरडा फिरून स्वतःची पाती जाळून घेतो.

बरं, पंप खरंच हवाय असं धरू. गाडी महिनोन् महिने उभी राहते आणि स्टार्टर रगडून रगडून बॅटरी संपते, गरम इंजिनावर वाफ धरते, किंवा इंजिनाचे घोडे, म्हणजे अश्वशक्ती, वाढवलेत. ठीक. मग तो बसवता कुठे? पुढे, फेंडरच्या आतल्या बाजूला, हेडर्सच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांच्या, शेजारी! का, तर तिथे हात पोचतो आणि वायर तोकडी लागते. टाकी मागे, पंप पुढे, म्हण शब्दशः खरी करून दाखवायची हौसच जणू. हे पंप ढकलायला बनलेत, ओढायला नाहीत. दहा-बारा फुटांवरून ओढायला लावलं की नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, आणि ज्या व्हेपर लॉकसाठी (नळीत वाफ अडकून पेट्रोल तुटणं) हा खटाटोप केला तोच विकत घेतला. पंपाची जागा मागे, टाकीला लागून, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, मफलरपासून लांब, आणि मागून ठोकर बसली तर चेपणार नाही अशा ठिकाणी. डिकीच्या आत तर अजिबात नाही. रबरी बुशवर बसवा, नाहीतर केबिनमध्ये दिवसभर भुंगा गुणगुणेल. आणि बुशवर बसवला की पंपाला अर्थिंग मिळत नाही, हे लक्षात ठेवून वेगळी वायर काढा आणि रंग खरवडून चेसिसच्या उघड्या लोखंडाला घट्ट आवळा. निम्मे "बिघडलेले" पंप या एका वायरीपायी कचऱ्यात जातात.

आकड्यांचा मोह हे दुसरं दुखणं. डबीवर जितका मोठा आकडा तितका शूर पंप, अशी समजूत. जरा त्रैराशिक मांडा. पेट्रोल इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर दर अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पाउंड इंधन लागतं. ४०० घोड्यांना २०० पाउंड. गॅलनला सुमारे ६ पाउंड धरले तर ३३ गॅलन, म्हणजे तासाला सव्वाशे लिटर. होली कंपनीचा लाल पंप मोकळ्या तोंडाने तासाला ९७ गॅलन देतो आणि त्याचा दाब ७ पीएसआयच्या (चौरस इंचाला ७ पाउंड) वर जात नाही. रस्त्यावरच्या गाडीला तो पुरून उरतो. तरी लोक निळाच घेणार, कारण तो ११० गॅलनचा! त्याचा दाब १४ पीएसआय. तो रेग्युलेटरशिवाय कार्ब्युरेटरला लावायचाच नसतो. होली कार्बला ६ ते ७ पीएसआय लागतात, एडेलब्रॉक कंपनीच्या कार्बला साडेपाच बास, साडेसहाच्या वर तो रडतो. आतली सुई बंद ठेवायला काय असतं? एक पोकळ तरंगणारा फ्लोट. १४ पीएसआयपुढे तो बिचारा किती तग धरणार? पेट्रोल कार्बच्या वाटीच्या व्हेंटमधून उसळतं, मॅनिफोल्डमध्ये उतरतं, सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि उरलेलं गरम इंजिनावर सांडतं. मग ओरड काय, तर कार्ब खराब. रेग्युलेटर कार्बच्या जवळ बसवा, इंजिन आयडलवर असताना गेज बघून लावा, आणि त्यानंतर फ्लोटची पातळी पुन्हा तपासा, कारण दाब बदलला की तीही हलते.

आता वायरिंग. इथे मात्र सौम्य शब्द सुचत नाहीत.

सर्रास काय करतात? प्लगच्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून वायर मारतात. "किल्ली फिरवली की पंप चालू, किती सोपं!" पॉइंट्सच्या इग्निशनवाल्या त्या काळच्या जीएम (शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) गाड्यांत कॉइलला जाणारी वायरच मुळात रेझिस्टन्सची असते. गाडी चालू असताना तिथे पूर्ण बारा व्होल्ट नसतातच. पंप आजाऱ्यासारखा फिरतो आणि वर कॉइलच्या तोंडचा घासही पळवतो. गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालायला लागते, मग कार्ब उघडतात, मग प्लग बदलतात. रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, शंभरेक रुपयांत मिळतो हो! ३० नंबरला बॅटरीकडून १२ गेजची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, ८७ वरून पंपाला, ८५ ला अर्थिंग, ८६ ला चालू होण्याचा हुकूम. फ्यूज किती अँपिअरचा ते पंपाच्या कागदावर छापलेलं असतं, तो कागद सीटखाली फेकू नका.

आणि तो ८६ चा हुकूम कुठून घ्यायचा, हा खरा जीवनमरणाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. मेकॅनिकल पंप इंजिनाने फिरतो. इंजिन थांबलं की पेट्रोल थांबलं. इलेक्ट्रिक पंपाला इंजिन मेलंय की जिवंत आहे याची खबरच नसते. गाडी आदळली, इंजिन बंद पडलं, लाइन तुटली, ड्रायव्हर बेशुद्ध, किल्ली मात्र चालूच. डबीवरचा तो "मोकळ्या तोंडाचा" ९७ गॅलनचा आकडा नेमका याच प्रसंगाचा आहे: तुटलेल्या नळीतून मिनिटाला सहा लिटर, गरम एक्झॉस्टवर. ज्या आकड्यावर भाळून पंप घेतला, तोच आकडा.

म्हणून तीन टोकांचा ऑइल प्रेशर स्विच लावा. ऑइलचा दाब चार-पाच पीएसआय झाल्यावरच तो इग्निशनची लाइन पुढे सोडतो, आणि दाब गेला की तोडतो. क्रँकिंग करताना, म्हणजे स्टार्टर मारताना, दाब नसतो, तेव्हा तिसऱ्या टोकाला स्टार्टर सोलेनॉइडच्या 'एस' वरून वीज द्या. शेजारच्या 'आर' वरून घेऊ नका; ते टोक कॉइलला जोडलेलं असतं, तिथून उलटी वीज येऊन पंप इंजिन बंद असतानाही फिरत राहील आणि सगळं मुसळ केरात. पंपाचा करंट स्विचमधून नेऊ नका, त्याचे नाजूक कॉन्टॅक्ट जळतात. स्विचने फक्त रिले हलवायचा. जोडीला फोर्डच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांतला इनर्शिया स्विच भंगारातून आणून डिकीत उभा ठोका. धक्क्याने तो सुटतो, वरचं बटण दाबलं की पुन्हा बसतो. क्रोमच्या एअर क्लीनरला पैसे असतात आणि याला नसतात, याला काय म्हणावं!

नळ्यांचं थोडक्यात. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, नंतर ४० ची. पंपाआधी बारीक कागदी फिल्टर लावाल तर तो गुदमरेल. काचेचे शोभेचे फिल्टर दुकानातच राहू द्या. मागून पुढेपर्यंत अखंड रबर ओढू नका. स्टीलची लाइन, क्लिपा मारून, ड्राइव्हशाफ्टपासून दूर. तांबं नको, थरथरीने ते कडक होऊन तडकतं. आटे असलेल्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांनी प्लंबिंगचा धंदा करावा. त्याची चिंधी सुटून थेट कार्बच्या सुईत अडकते. पेट्रोलला चालणारं पातळ सीलंट लावा, आणि फ्लेअरच्या, म्हणजे धातूवर धातू बसून बंद होणाऱ्या, एएन जोडांना तेही नको.

जुना मेकॅनिकल पंप काढून नुसती चकती ठोकणारे महाभाग वेगळेच. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढे खाली तो असतो. त्याच्यामागे एक प्लेट, आणि प्लेटमागे कॅमवर चालणारा पावणेसहा इंची दांडा. प्लेट खोलून दांडाही काढायचा असतो! आत राहिला तर तो नव्या चकतीवर टकटक करत बसतो आणि लोक व्हॉल्व्हचा आवाज शोधत व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आवळत सुटतात.

आपल्याकडची तऱ्हा तर आणखी न्यारी. पद्मिनीवर हौसेने वेबरचे साइडड्राफ्ट कार्ब्युरेटर बसवायचे, ज्यांना जेमतेम ३ पीएसआय लागतात, आणि पंप आणायचा भंगारातल्या इंजेक्शनच्या गाडीचा, ४० पीएसआयच्या आसपास फेकणारा. मग तो दाब "कमी करायला" नळीला चिमटा! त्यात आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराला ते फुगवतं आणि भेगा पाडतं. नवा पंप जुन्या नळ्यांवर चढवलात तर गळती कुठून सुरू होईल तेवढंच बघायचं उरतं.

आणि बसवून झाल्यावर लगेच राउंड मारायला पळू नका. अग्निशामक हाताशी ठेवा, रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये वायर टाकून पंप दोन मिनिटं चालवा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. मग ती वायर काढा, गाडी सुरू करा, आणि चालू गाडीत ऑइल स्विचची वायर उपटा. पंप तत्क्षणी गप्प व्हायला हवा. झाला नाही, तर बॉनेट लावू नका.