शॅरन जोन्सचा पंचविशीतला आवाज कुठे आहे?

"उशिरा का होईना, यश मिळालंच ना!" अमेरिकन सोल गायिका शॅरन जोन्सचं नाव निघालं की हे वाक्य ठरलेलं. मला ते ऐकवत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

शॅरनचा जन्म १९५६ सालचा, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा. लहानपणीच ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आली आणि चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गात वाढली. गळा तेव्हाच तयार होता. मग पंचविशीत, तिशीत ती काय करत होती? लोकांच्या लग्नांत बँडबरोबर गात होती, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर कोरस देत होती. जाडी आहेस, फार काळी आहेस, बुटकी आहेस आणि आता वयही झालंय, असं रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने आपल्याला तोंडावर सांगितलं होतं, हे तिने कितीतरी मुलाखतींत सांगितलंय. पोटासाठी तिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात नोकरी केली. बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर सुरक्षारक्षक म्हणूनही काम केलं. १९९६ मध्ये गायक ली फील्ड्सच्या रेकॉर्डिंगला तीन गायिकांना बोलावलं होतं. आली एकटी शॅरन, आणि तिघींचे सूर तिनेच गायले. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला २००२ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी!

तिच्या मागे वाजवणारे डॅप-किंग्ज हे वादक जगाने ऐकले ते मात्र ब्रिटिश गायिका एमी वाईनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक' या अल्बममधून. एमी गुणी होतीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तोच ठेका, तेच ब्रास शॅरन आधीपासून छोट्या क्लबांमधून गाऊन दाखवत होती. २०१३ मध्ये तिला कॅन्सर झाला. केमोने केस गेले, तरी विग न लावता ती स्टेजवर नाचली, गायली. २०१६ मध्ये गेली.

म्हणजे स्वतःच्या अल्बमवर पुढे उभी राहून गायला तिला जेमतेम चौदा वर्षं मिळाली. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांचा तिचा आवाज फारसा कुठे उमटलेलाच नाही. तो आता कोणीही परत आणू शकत नाही. 'उशिरा मिळालेलं यश' म्हणून टाळ्या वाजवताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

तिच्याच डॅपटोन या रेकॉर्ड कंपनीचा गायक चार्ल्स ब्रॅडली घ्या. पोरवयात घर सोडून सबवेच्या डब्यांत झोपलेला, पुढे वर्षानुवर्षं आचाऱ्याचं काम केलेला, रात्री प्रसिद्ध गायक जेम्स ब्राउनची नक्कल करून पैसे मिळवणारा. पहिला अल्बम २०११ मध्ये, बासष्टाव्या वर्षी. २०१७ मध्ये तोही कॅन्सरने गेला. सहा वर्षं, बस्स.

खरी कला कधी ना कधी वर येतेच, असं मानणाऱ्यांनी गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांची कहाणी बघावी. त्यांना तर कोणी शोधायची गरजच नव्हती. गळ्यात गिटार अडकवून ही बाई १९३८ पासून गॉस्पेल रेकॉर्ड करत होती. नाइटक्लबात देवाची गाणी गाते म्हणून चर्चवाले चिडले, तरी गात राहिली. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये तिकीट लावून लग्न केलं, त्याला वीस हजारांवर माणसं आली! १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावात एका पोरसवदा मुलाला त्यांनी स्टेजवर बोलावून गायला लावलं. तो पुढे रॉक अँड रोलचा मोठा गायक झालेला लिटल रिचर्ड. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तो पहिल्याच तुकडीत, १९८६ मध्ये गेला. रोझेटाबाईंचा नंबर लागला २०१८ मध्ये. त्या वारल्या १९७३ मध्ये, आणि फिलाडेल्फियातल्या त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा पस्तीस वर्षं नव्हता. एवढी प्रसिद्धी मिळालेल्या बाईची ही गत, तर गावोगावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचं काय झालं असेल?

त्यांच्या तबकड्या छोट्या-छोट्या कंपन्यांनी थोड्याच प्रती काढून विकल्या आणि कंपन्याच बुडाल्या. मूळ टेप फेकल्या गेल्या. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचे रॉबर्ट डार्डन यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर कळकळीने लिहिलं, आणि त्यातून या तबकड्या डिजिटाइझ करून जपायचा प्रकल्प उभा राहिला. तबकड्यांच्या मागच्या बाजूला नागरी हक्कांच्या लढ्याची गाणी अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाली, असं डार्डन सांगतात. रेडिओवर पुढची बाजू वाजायची. मागची ज्यांनी विकत घेतली, त्यांच्याच घरात वाजायची.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मनापासून विनंती आहे. गॅरेज सेलमध्ये, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत पंचेचाळीसच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या) तबकड्यांचा गठ्ठा दिसला, तर गायकाचं नाव ओळखीचं नाही म्हणून पुढे जाऊ नका. लेबलवर गॉस्पेल असेल तर उलटून मागची बाजू वाचा, आणि घ्याच. घरी ठेवायची नसेल तर बेलरला कळवा.