स्मिता आपली, मग तिचं बाळंतपण कोणाचं?

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर स्मिता पाटील येते म्हणजे येतेच. 13 तारखेची, म्हणजे तिच्या पुण्यतिथीची, वाटही कोणी बघत नाही, आधीपासूनच ते काळेपांढरे फोटो, ते डोळे, खाली कोणाची तरी चारोळी, आणि मग जिभाऊंचा ठरलेला मेसेज, "ती आपली पोर शे." (अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.) जिभाऊ म्हणजे माझे सगळ्यात मोठे चुलतभाऊ, शिरपूरला असतात आणि त्यांच्या लेखी शिरपूरच्या बाहेर जग आहे ते फक्त लग्नाला जाण्यापुरतं. मग अमळनेरचे आप्पा उठतात की घराणं मूळ आमच्या तालुक्यातलं, तुम्ही फक्त मतदारसंघ, आणि मग तिचे वडील शिवाजीराव पाटील, त्यांचा स्वातंत्र्यलढा, शिरपूरचा साखर कारखाना, मंत्रिपद, 2013 चं पद्मभूषण असं सगळं निघतं. ती स्वतः जन्मली पुण्यात, 1955 ला, शिकली पुण्यात, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, पण हे कोणी बोललं की दोन्ही तालुके एक होतात आणि बोलणाऱ्यावर तुटून पडतात. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू. इकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला बसून, तिकडची सकाळ म्हणजे माझी मध्यरात्र, मी अंथरुणात पडल्या पडल्या ही सगळी मारामारी वाचते आणि हसते.

2025 मध्ये तिच्या मुलानं बापाचं आडनाव सोडून प्रतीक स्मिता पाटील असं नाव लावलं तेव्हा तर आठवडाभर रणधुमाळी. अर्धे म्हणे शाब्बास रे पोरा, अर्धे म्हणे बाप तो बापच. त्यातून पुन्हा 40 वर्षांपूर्वीचं तेच, राज बब्बरचं आधीचं लग्न, चूक कोणाची, स्मिताला कळायला नको होतं का. यात बायकाही मागे नसतात बरं. शिवाय ते कायमचे दोन किस्से, 'कुली'च्या अपघाताच्या आदल्या रात्री तिनं अमिताभला फोन करून तब्येत विचारलेली तो, आणि तिच्या शेवटच्या प्रवासाला तिला नवरीसारखं सजवलं तो. हे दोन किस्से मी इतक्यांदा वाचलेत की पाठ झालेत.

पण एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कोणी लिहीत नाही. "अकाली गेली", "चटका लावून गेली", "नियतीला मान्य नव्हतं" असलं सगळं लिहितात, पण कशानं गेली ते नाही. 28 नोव्हेंबर 1986 ला मुलगा झाला आणि 13 डिसेंबरला ती गेली. बाळंतपणानंतरच्या कॉम्प्लिकेशन्समुळे. वय 31. म्हणजे ती गेली तेव्हा ती पंधरा दिवसांची बाळंतीण होती. दोन नॅशनल अवॉर्ड, पद्मश्री, हिंदी-मराठीत एवढं मोठं नाव, मुंबईसारखं शहर, वडील मंत्री राहिलेले आणि आई स्वतः नर्स, एवढं असूनही. हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटं शांतता, आणि मग आप्पांचा हात जोडलेला इमोजी. विषय संपला. बाळंतपण हा म्हणे पुरुषांसमोर बोलायचा विषय नाही. तिच्या 'उंबरठा' सिनेमावर मात्र तासभर बोलतील, मुलीला घरी ठेवून नोकरीला निघून गेलेल्या त्या सुलभा महाजनचं कौतुक करतील, आणि याच घरातल्या सूनबाईनं पुण्याच्या नोकरीचं नाव काढलं की तिला पोराचं वय विचारतील. असो, तो वेगळा लेख होईल.

मला यावर बोलायचा अधिकार कुठून आला तर माझं पहिलं बाळंतपण इकडे नेदरलँड्समध्ये झालं. आई येणार होती, व्हिसाची तारीख वेळेत मिळाली नाही, म्हणून डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा सगळं कुरियरनं आलं आणि आई मोबाईलच्या स्क्रीनमध्ये. इथे सगळं नीट असेल तर बाळ झाल्यावर काही तासांत घरी पाठवतात, मला तर वाटलं हाकलून देतायत की काय. पण घरी आल्यावर क्रामझोर्ग नावाची गोष्ट सुरू होते. म्हणजे एक शिकलेली बाई रोज काही तास तुमच्या घरी येते, साधारण आठ दिवस, स्टँडर्ड हिशोब 49 तासांचा, बराचसा खर्च इन्शुरन्स देतो आणि तासाला थोडे पैसे आपण भरायचे. ती यायच्या आधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून पलंग उंच करून ठेवावा लागतो, कारण तिची पाठ दुखायला नको. मी म्हटलं वा, आमच्याकडे दाईची पाठ कोणी विचारली नाही कधी.

ती आली की हात धुणार आणि पहिलं काम थर्मामीटर. बाळाचं नंतर, आधी माझं. मग नाडी, मग पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली उतरलं ते बघणार, टाके बघणार, रक्तस्राव किती, वास येतो का, पोटऱ्या दुखतात का. सगळं एका वहीत, तारीख टाकून, आणि मिडवाईफ आली की ही वही वाचणार. तिसऱ्या दिवशी मला जरा कणकण वाटत होती आणि छाती दगडासारखी झालेली, आईनं स्क्रीनमधून लगेच निदान केलं की दूध भरतंय म्हणून अंग तापलं, पाण्याची पट्टी ठेव. त्या बाईनं मोजलं, 38.3 सेल्सिअस. तिनं दुधाचं नाव काढलं नाही, फोन उचलला. संध्याकाळी मी दवाखान्यात होते आणि हातात अँटिबायोटिकची सुई होती, गर्भाशयात इन्फेक्शन सुरू झालं होतं. दोन दिवसांत घरी. एवढंच. काही सिनेमा नाही त्यात.

आता घरचं बघा. माझ्या मामेबहिणीचं बाळंतपण माहेरी, आपल्याकडे रीतच आहे पहिलं माहेरी, आणि काळजी तर इतकी की इथली राणीसुद्धा हेवा करेल. सव्वा महिना पाय खाली टेकवू देत नाहीत, सकाळी तेल लावून अंग रगडून आंघोळ, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, कानात कापूस, डोक्याला रुमाल, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मेथीचे लाडू, शेवभाजी आणि भरीत मात्र एकदम बंद. चार बायका दिवसभर तिच्याभोवती. तिलाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आला. एकीनं सांगितलं दूध भरलं. दुसरीनं सांगितलं वारं लागलं, खिडकी लावा. तिसरीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आणि मुळात ताप आहे हेच उशिरा कळलं, कारण खाली शेगडी, वर गोधडी, अंग तापलेलंच, त्यात ताप वेगळा ओळखणार कसा? थंडी वाजून अंग उडायला लागलं तेव्हा धुळ्याला नेलं. वाचली. पण महिनाभर लेकराला जवळ घेता आलं नाही तिला.

त्या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं, आणि सव्वा महिना म्हणजे त्यांना काही उगाच सुचलेलं नाही. आईचा मृत्यू बाळंतपणामुळे झाला असं मोजताना डॉक्टरी जगही प्रसूतीनंतरचे 42 दिवस धरतं, म्हणजे आपल्या आजीच्या सव्वा महिन्याच्या आसपासच. धोका कधीपर्यंत असतो हे आजीला माहीत होतं. फक्त तिच्या हातात थर्मामीटर नव्हता, आणि आता तो मेडिकलवर शे-दोनशे रुपयांत मिळतो तरी आपण घेत नाही. बारशाला पाळणा भाड्यानं आणतो, मंडप टाकतो, जेवणावळी घालतो, पण ते नाही. व्हिएन्नात 1847 ला एका डॉक्टरनं, झेमेलवाइस नाव त्याचं, दाखवून दिलं होतं की बाळंतिणींना मारणारा ताप डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांनी येतो. त्यालाही त्याच्या लोकांनी वेड्यात काढलं होतं. म्हणजे सांगणाऱ्याला गप्प करायची खोड काही आपल्या एकट्याची नाही.

परदेशातून लिहिणाऱ्यांची एक सवय मला स्वतःला खटकते, "आमच्याकडे असं असतं" म्हणून नाक वर करायची, म्हणून दुसरी बाजूही सांगते. नवव्या दिवशी ती बाई येत नाही. दार बंद. इथे शेजारी अपॉइंटमेंट घेऊन बाळ बघायला येतात, बिस्किटावर लोणी आणि त्यावर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या खातात (त्यांचंही बडीशेपेवाचून अडतंच म्हणायचं), तासाभरात उठून जातात. नवरा ऑफिसला गेला की घरात मी आणि एक रडणारं लेकरू, बाहेर पाच वाजता अंधार, आणि बोलायला माणूस नाही. त्या दिवसांत मला मीठ-मिरच्या ओवाळणारी काकूसुद्धा चालली असती. शिवाय क्रामझोर्गलाही आता माणसं कमी पडतायत, पूर्ण तास सगळ्यांना मिळत नाहीत. म्हणजे इथे अंगाची काळजी आहे, मनाची तुम्ही तुमची बघा, आणि तिकडे उलटं. मला विचाराल तर मला दोन्ही पाहिजे, आणि दोन्ही एका घरात का मावत नाही हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

जिभाऊंचं यावर उत्तर असतं, "तुमचा देश केवढा, आपल्या खान्देशाच्या दुप्पटसुद्धा नाही, तिथे जमतं." बरोबर आहे. पण बाळंतिणीच्या दारात जाणारं माणूस आपल्याकडे आहेच की. आशाताई. बाळ दवाखान्यात झालं असेल तर तिनं 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ आणि आई दोघांना बघायचं असतं, तिच्या किटमध्ये डिजिटल थर्मामीटर असतो, आणि ही सगळी पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी केलेल्या कामातून देशभर गेली, म्हणजे बाहेरून आलेलीसुद्धा नाही, महाराष्ट्रातलीच. मोबदला किती, तर सगळ्या भेटींचा मिळून 250 रुपये. माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या पाठीसाठी पलंग उंच करावा लागतो आणि आशाताईला आपण ओट्यावरूनच "सगळं बरं आहे ताई" म्हणून परत पाठवतो, कारण बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं माणूस नको. मग 7 व्या दिवसाची तिची भेट कागदावर होते. चूक तिची आहे का?

आणि आकड्यांनी फसू नका. 2018-20 च्या सरकारी आकड्यांत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33, म्हणजे आपण बरेच पुढे. पण 33 हा पुण्या-मुंबईसकट सगळ्या महाराष्ट्राचा आकडा झाला. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात पावसाळ्यात अजूनही बांबूच्या झोळीत घालून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणतात, नर्मदाकाठच्या गावांना बोट अॅम्ब्युलन्स लागते. तिथे 42 दिवसांत सहा वेळा त्या पाड्यावर चढून जायचं म्हणजे काय ते चढणारीलाच माहीत. शिरपूरच्या वरती सातपुड्यात जे पावरा आदिवासींचे पाडे आहेत तिथल्याही पोरी खान्देशच्याच की, पण त्यांच्यातली एखादी गेली तर ग्रुपवर "आपली पोर शे" कोणी लिहीत नाही. फोटो नसतो ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की स्मिता आपली म्हणायची तर सगळी म्हणा. डोळे आपले, 'उंबरठा' आपला आणि ते पंधरा दिवस कोणाचेच नाहीत, हे कसं चालेल? तिच्या नावानं पुरस्कार, व्याख्यानं, महोत्सव खुशाल करा, मला आनंदच आहे. पण शिरपूर-अमळनेरच्या वादात जेवढी एनर्जी जाते त्याच्या दहाव्या हिश्श्यात दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी थर्मामीटर पोहोचेल. या वेळी मी ग्रुपवर हेच टाकलं. जिभाऊंनी अंगठा दाखवला आणि खाली तेच नेहमीचं गाणं टाकलं.

रात्री मात्र त्यांच्या धाकट्या सूनबाईचा मला वेगळा मेसेज आला. तिला जानेवारीची तारीख दिलीय. "आत्या, किती आला म्हणजे ताप समजायचा?" मी लिहिलं, 38, म्हणजे आपल्या जुन्या थर्मामीटरवर 100.4, आणि तेवढा आला की दुधाची, वाऱ्याची, कोणाची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. रक्त खूप जातंय, अंगावरून जाणाऱ्याला वास येतोय, पोट दुखतंय, हुडहुडी भरतेय, डोकं फुटायला आलंय, तरी तेच. आणि बाई, मोजायच्या आधी ती शेगडी जरा बाजूला सरकवायला सांग.